तुकडा टाकला, तलाव गेला

गोंदियात हल्ली घरोघरी बाटल्या दिसतात. खिडकीत, फ्रिजवर, देवघराशेजारी. मनीप्लांट, सिंगोनियम, कोलियस, ट्रेडेस्कँशिया. पेराखाली कापलेली फांदी, चार बोटं पाणी, आणि आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं. या छंदाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यानंतर जे होतं त्याच्याशी. मुळं भरमसाट वाढली की बाटली मोरीत रिकामी होते. मोरीतलं नालीत जातं, नालीतलं बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, आणि बोडीतलं तलावात. छाटलेल्या फांद्यांचा भारा तर थेट तलावाच्या पाळीवर नेऊन टाकतात, कारण पाळ ही कुणाच्याच मालकीची नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे.

मी सरळ सांगते. तलावांच्या जिल्ह्यात ‘पाण्यात सहज लागतं’ ही झाडाची शिफारस होऊ शकत नाही. रोपवाटिकेत कुणी हे कौतुकाने सांगू लागलं, तर त्याच क्षणी सावध व्हायला हवं. जे तुमच्या बाटलीत बिनखताचं, बिनमातीचं, बिनकाळजीचं मुळं धरतं, त्याला शंभर एकरांचं उथळ, गाळाने भरलेलं, उन्हाने तापलेलं पाणी मिळालं तर ते काय करेल, याचा विचार करायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही.

पुरावा शोधायला लांब जायला नको. बेशरम पाहा. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, गोरेगाव, कुठल्याही तालुक्यात जा. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या उथळ काठाला फिकट जांभळ्या फुलांचं पुरुषभर उंच रान उभं असतं. इपोमिया कार्निया. रताळ्याच्या कुळातलं, मूळचं अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं. आपल्या देशात ते शोभेसाठी आणि कुंपणासाठी माणसांनी आणून लावलं. पुराला आणि वाऱ्याला दोष देण्याआधी एवढं तरी मान्य करा. फूल देखणं, पाणी घालावं लागत नाही, जनावर सहसा तोंड लावत नाही, आणि फांदी खोचली की लागते. एवढ्या गुणांवर ते सांदवाडीच्या कुंपणात आलं. कुंपणातून धुऱ्यावर गेलं, धुऱ्यावरून पाटात आणि पाटातून तलावात.

जनावर तोंड लावत नाही हेही अर्धंच खरं. चाऱ्याची टंचाई असली की बकऱ्या ते खातात, आणि एकदा सवय लागली की चारा समोर असतानाही तेच शोधतात. त्यात स्वेन्सोनाइन नावाचं विष असतं. ते पेशींमधलं साखरेच्या साखळ्या तोडण्याचं काम बंद पाडतं, मज्जासंस्था बिघडते, जनावर थरथरतं, अडखळत चालतं, खंगतं. म्हणजे ज्या शेळीपासून परसबाग वाचवायला हे कुंपण घातलं, ती शेळीच त्याने मारली जाते. ज्या बाईचा वर्षाचा खर्च त्या दोन-तीन शेळ्यांवर चालतो, तिला हे कुंपण लावण्यापूर्वी कुणी विचारलं होतं का?

आता या झाडाची वाढायची रीत नीट समजून घ्या, कारण इथेच सगळी चूक होते आहे. रताळ्याचा वेल लावणाऱ्याला माहीत असतं की वेलाच्या प्रत्येक पेरात मुळांचे अंकुर आधीपासून दडलेले असतात. ओल लागली की ते बाहेर येतात. बेशरम त्याच घराण्यातलं. फांदी कापली की शेंड्याकडून खाली उतरणारं ऑक्सिन कापाच्या जागी साचतं आणि तिथून मुळं सुटतात. बागकाम करणारे बाटलीत जे घडवून आणतात, ते हेच. फरक इतकाच की बेशरमचा दांडा पोकळ असतो, तुटला की तरंगतो, आणि जिथे काठाला लागतो तिथे रुजतो. दोन पेरांचा तुकडा पुरतो. शिवाय लोकरीसारखे केस असलेल्या बिया असतात त्या वेगळ्याच.

हे एवढं डोळ्यांसमोर असताना आपल्याकडे तलावाची स्वच्छता कशी होते? कोयत्याने. पाण्याच्या वर दिसतं तेवढं छाटायचं, ढीग पाळीवर रचायचा, फोटो काढायचा, बिल लावायचं. मी स्वतः असं काम होताना पाहिलं आहे. कापलेल्या फांद्या पाळीच्या आतल्या उतारावर टाकत होते, पाण्यापासून हातभर अंतरावर. मी तिथल्या माणसाला म्हटलं, “दादा, हे पहिल्या पावसात परत लागेल.” तो म्हणाला, “ताई, कापायचं सांगितलं, कापलं. लागलं तर पुन्हा काम निघेल.” त्या मजुरावर माझा राग नाही. त्याने खरं तेच सांगितलं. राग आहे तो ज्यांनी हे काम कागदावर असं लिहिलं त्यांच्यावर. मातीकामाचं माप घनमीटरात निघतं. मुळं निघाली का, हे मोजायची रीत मी अजून कुठे पाहिलेली नाही. एका झुडपाचे चाळीस तुकडे करून ओल्या काठावर पसरणं याला रोपवाटिकेत लागवड म्हणतात. तलावावर तेच केलं की त्याला स्वच्छता म्हणून पैसे मिळतात. सार्वजनिक पैशाने आपण शत्रूची लावणी करतो आहोत, आणि हे वर्षानुवर्षं चाललं आहे.

बेशरम काढायचं असेल तर ते मे महिन्यात काढावं लागतं, तलावाचं पात्र सुकलेलं असताना, बुडापासून, मुळासकट. काढलेलं ओल्या जागी ठेवायचं नाही. उंच, कोरड्या, उघड्या जमिनीवर पसरून दांडा कडकडीत वाळेपर्यंत उन्हात ठेवायचं. पावसानंतर पुन्हा फेरी मारायची, कारण राहिलेलं मूळ फुटणारच. काम अंगमेहनतीचं आहे, चीक अंगाला लागतो, झुडपात साप असतात. म्हणून ते स्वस्तात होत नाही. पण जे स्वस्तात होतं आहे ते काम नाहीच.

जगाने हा धडा आधी भरपूर किंमत मोजून घेतला आहे. जलपर्णी, विदर्भातल्या बातम्यांत जिला इकॉर्निया म्हणतात, ती ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली ती फुलाच्या देखणेपणामुळे. नद्या, भातखाचरं, होड्यांचे मार्ग इतके तुंबले की १९३६ साली बंगाल सरकारला या एका वनस्पतीविरुद्ध कायदा करावा लागला, आणि आपल्या जागेतली जलपर्णी काढणं लोकांवर बंधनकारक झालं. दुसरं उदाहरण साल्व्हिनिया मोलेस्टा. केरळात तिला आफ्रिकन पायल म्हणतात. हिचे बीजाणू वांझ असतात. ती फक्त तुटून वाढते. केरळचे कालवे आणि भातशेती झाकून टाकणारा तो सगळा हिरवा थर म्हणजे तुकड्याचा तुकडा, त्याचा तुकडा. शेवटी १९८०च्या दशकात तिच्याच मूळ प्रदेशातला एक बारीक भुंगा आणून सोडला, तेव्हा ती आटोक्यात आली. चंद्रपूर तर आपल्या शेजारचं. तिथल्या रामाळा तलावाची घाण आणि इकॉर्निया निघावी म्हणून २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे अन्नत्याग करून बसले. एका फुलझाडामागे माणसाला उपाशी बसावं लागतं, इथवर आपण आलो आहोत.

इतकं असूनही तलावांच्या सुशोभीकरणात आज काय लावलं जातं ते बघा. पाळीवर पेव्हर ब्लॉक, रेलिंग, आणि उतारावर पिवळ्या फुलांचं वेडेलिया. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून ते मुळं सोडतं, ओल्या जागेत सुसाट पसरतं, दुसऱ्या गवताला जागा ठेवत नाही. ठेकेदाराला ते आवडतं कारण चार महिन्यांत उतार हिरवा दिसतो. मनीप्लांट घरात निरुपद्रवी वाटतो. श्रीलंकेच्या ओल्या जंगलात तोच झाडांवर चढून बसला आहे. मत्स्यपेटीतल्या वनस्पतींचीही तीच गत. मासा मेला की पेटी नालीत उपडी करतात, आणि कॅबोम्बासारख्या शोभेच्या वनस्पती पाण्याबरोबर वाहत जातात.

बाटलीतल्या लागवडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिचं जे स्तोम माजलं आहे ते मला मान्य नाही. पाण्यात फुटलेलं मूळ मातीसाठी बनलेलं नसतं. ते ठिसूळ असतं, त्यावर केशमुळं विरळ असतात, आत हवेच्या पोकळ्या असतात. कुंडीत लावताना ते मोडतं आणि झाडाला पुन्हा नवी मुळं काढावी लागतात. त्यात गोंदियाचा मे. पारा पंचेचाळीसकडे गेला की बाटलीतलं पाणी कोमट होतं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी, आणि मुळाला श्वास घ्यायला तोच लागतो. फांदी बुडाशी कुजते, पाण्याला वास येतो. शिवाय आठवडाभर न बदललेल्या त्याच पाण्यात डेंगीचा डास वाढतो. पुदिना, कोलियस पाण्यात लावा, हरकत नाही. पण गुलाब, मोगरा, जास्वंद यांच्या छाटकलमांना सावलीतली ओली वाळू केव्हाही चांगली. पूर्वी बायका परसात रांजणाखालच्या ओलीत फांद्या खोचत आणि त्या लागत. ती रीत सोडून बाटलीमागे धावण्यात मला प्रगती दिसत नाही.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. पाण्यात तुकड्यापासून रोप करणं ही विद्या गोंदियाला नवी नाही. ती इथे पिढ्यानपिढ्या आहे, आणि ती ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण कधी विचारलं नाही.

मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाची शिंगाड्याची लावणी पाहा. आधी लहान बोडीत रोपं तयार करायची. वेल लांब झाले की पावसाळ्याच्या तोंडाशी ते तलावात आणायचे, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि वेलाचं बूड पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबत जायचं. किती पाण्यात, किती अंतरावर, कुठल्या मातीत, हे त्या अंगठ्याला कळतं. कमळाचा कंद कुठे खोचला तर धरतो, देवधान कुठल्या काठाला उभं राहतं, पाण्याखालच्या कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो, ही सगळी माहिती या माणसांकडे आहे. आपल्या कृषी प्रदर्शनांत तिला एक टेबलही मिळत नाही.

आणि याच विद्येने तलाव दुरुस्त झाले आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी या भागातल्या तलावांचा अभ्यास केला तो ढीवरांना बरोबर घेऊन. पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढीवराचं ज्ञान त्या कामाच्या पायाशी आहे. मासे का घटले, या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं ते वनस्पतींत. देशी पाणवनस्पती गेल्या, तसा माशांचा निवारा गेला, अन्न गेलं, अंडी घालायची जागा गेली. मग अर्जुनी मोरगावच्या नवतलावासारख्या ठिकाणी त्यांनी उलटा क्रम धरला. आधी बेशरम मुळासकट काढलं. कोरड्या पात्रात नांगरणी केली. पाऊस पडून पाणी साचू लागलं की जिथे अजून शिल्लक होत्या अशा तलावांतून देशी वनस्पती आणल्या आणि चिखलात लावल्या. पूर्ण पाण्याखाली राहणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम. पानं तरंगवणाऱ्या निम्फॉइडिस. उथळ काठाला एलिओकॅरिस. प्रत्येकीला तिच्या खोलीची जागा. हीसुद्धा पाण्यातली छाटकलमंच. मात्र ती कुठून आणायची, कुठे लावायची आणि त्यांच्यावर कोण जगणार, हे लावणाऱ्याला माहीत होतं. वनस्पती परतल्या तसे मासे परतले, पक्षी परतले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढीवर बायकांनी पुढे हे काम आपलं म्हणून हाती घेतलं.

याला कुणी चमत्कार म्हणू नये, तसं म्हटलं की ते पुन्हा करायची जबाबदारी टळते. हे रीतसर शास्त्र आहे. ते जिल्हाभर व्हायला हवं होतं. का झालं नाही?

कारण तलाव ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्या लेखी तलाव म्हणजे फक्त खड्डा. पूर्व विदर्भातले हे साडेसहा हजारांहून अधिक तलाव ज्यांनी बांधले, त्यांत कोहळी समाजाचा वाटा मोठा. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींच्या नावाने ओळखला जातो. पाळ कुठे घालायची, पाणी कुठून सोडायचं, गाळ कुणी न्यायचा, मासे कुणाचे, शिंगाडे कुणाचे, याचे ठराव गावात असत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं, त्याबद्दल मला काडीचंही दुःख नाही. पण तलाव सरकारकडे गेले आणि ठराव गावाकडेही राहिले नाहीत, सरकारकडेही नाहीत. नावात ‘माजी’ लागला आणि ‘मामा तलाव’ असं लाडाचं नाव रूढ झालं, निगा मात्र संपली.

आता योजना येतात त्या खोदायच्या. २०१७ ची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. २०२२ चे अमृत सरोवर. गाळ काढण्याला माझा विरोध नाही. भाताच्या बांधीत तो गाळ सोन्यासारखा असतो. पण जेसीबी सरसकट पात्र खरवडतो तेव्हा गाळाच्या वरच्या थरातले कंद, गड्डे आणि बिया ट्रॉलीत भरून जातात. उघडं पडलेलं पात्र मग सगळ्यात आधी कोण बळकावतं? पाळीवर कापून टाकलेलं बेशरम. काही पट्टे न खोदता राखायचे, कंद आधी काढून घ्यायचे आणि पावसात परत लावायचे, हे अंदाजपत्रकात लिहायला कुणाचा हात धरला आहे?

मत्स्यव्यवसायाची गतही तशीच. मिश्र मत्स्यशेतीच्या नावाखाली गवत्या मासा सोडायचा, जो चीनकडून आलेला आणि पाणवनस्पती खाऊनच वाढणारा. बरोबर सायप्रिनस, जो तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि गढूळ पाण्यात वनस्पतीला ऊन मिळत नाही. मग मरळ, मागूर कुठे गेले म्हणून परिसंवाद घ्यायचे. ढीवरांच्या मच्छीमार संस्थेला दरवर्षी मत्स्यबीज विकत घ्यावं लागतं, कारण तलावात आपोआप वाढणारं काही उरू दिलेलं नाही. गरीब ढीवर संस्थांच्या गळ्यात हा खर्च कायमचा बांधला गेला आहे.

सारसाचं काय? महाराष्ट्रात सारस घरटी करतो ती जवळजवळ फक्त आमच्याकडे. परसवाडा, झिलमिली या तलावांची नावं त्यामुळे पक्षिमित्रांना पाठ आहेत. चौकात सारसाचे पुतळे, फलकांवर सारस, महोत्सवांच्या पत्रिकांवर सारस. त्या पक्ष्याला लागतं उघडं उथळ पाणी, दूरवर दिसेल अशी जागा, आणि चिखलातले एलिओकॅरिससारखे गड्डे उकरून खायला. बेशरमच्या दाट रानात त्याला पाऊल टाकता येत नाही, आणि गड्डे ट्रॉलीतून गेलेले असतात. ज्याचं घर तुम्ही असं मोडता, त्याचा पुतळा उभारायचा तुम्हाला अधिकार नाही.

म्हणून माझ्या मागण्या आहेत आणि त्या मी विनंती म्हणून करत नाही. जिल्ह्यातल्या सरकारी रोपवाटिका आणि सुशोभीकरणाचे ठेके यांतून पेराला मुळं सोडणाऱ्या परदेशी वनस्पती तलावाच्या पाळीसाठी बंद करा. कुंपणाला फांदीवर लागणारं झाड हवं असेल तर निर्गुडी आहे. तिलाही गुरं-बकरी तोंड लावत नाहीत, आणि ती इथलीच आहे. बेशरम काढण्याचं बिल काम झाल्यावर लगेच देऊ नका. पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर ढीवर संस्थेच्या माणसांना काठावरून फिरवा, ते म्हणाले निघालं तरच पैसे द्या. उपटण्याच्या आणि देशी वनस्पती लावण्याच्या कामाची मजुरी ढीवर बायकांना द्या, आणि कुठली वनस्पती कुठे लावायची हे त्यांना विचारून ठरवा. नवेगाव-नागझिऱ्याच्या अवतीभवतीच्या ज्या तलावांत अजून देशी वनस्पती शिल्लक आहेत, त्यांची यादी करा आणि तिथून लावणीचं बेणं घ्या. ते तलाव खरवडायला यंत्र पाठवू नका.

आणि बाटलीवाल्यांनो, तुमच्यासाठी फार थोडं आहे. छाटलेली फांदी आणि बाटलीतलं उरलेलं मूळ उन्हात गच्चीवर टाका. मोडली की काडकन आवाज यायला हवा. त्यानंतरच ती कचऱ्यात जाऊ द्या. नालीत नाही, बोडीत नाही, पाळीवर तर नाहीच. पाहुणीला हौसेने कटिंग देता, तेव्हा तिच्या घरामागे तलाव आहे का, हे आधी विचारा. असेल तर तिला मोगरा द्या.